सिकंदराबादचे कावळे

सोमवार, ९ जून

आणि वर भाग्यलक्ष्मीअम्मा मलाच बोलते, की तुझ्यामुळे माझ्या पापडांवर कावळे येतात. मी काय बोलावणं धाडते त्यांना? आज धुणं घेऊन गच्चीवर गेले तर तिघं एकदम अंगावर आले. एकानं टाळूवर पंजा मारला. ओली साडी तिथंच टाकून खाली पळाले. साडी धुळीत पडली, परत धुवावी लागली. गच्चीवर आणखी चार बायका होत्या, त्यांच्या केसालाही कोणी शिवलं नाही. अम्मा घरमालकीण, तिला वाटतं तिला सगळं कळतं. म्हणाली, "शनि लगा है तुमकू. शनिवार को तेल डालो." शनी असता तर बरं झालं असतं, तेलावर भागलं असतं.

काय झालंय ते मला माहीत आहे. पण ते इथं लिहावं की नाही, ते ठरत नाही.

ही वही रोशनीमॅडमनी दिली. त्यांच्या संशोधन संस्थेत मी झाडू-पोछ्याला होते, दीड वर्षापूर्वी त्यांनी मला त्यांच्या कामात घेतलं. काम कावळ्यांचं. कावळा माणसाचं तोंड ओळखतो का, लक्षात ठेवतो का, आणि दुसऱ्या कावळ्यांना सांगतो का, हे त्यांना बघायचं आहे. त्यासाठी एक रबरी मुखवटा आहे, टक्कल पडलेल्या माणसाचा. आम्ही त्याला टकल्या म्हणतो. मे महिन्यात टकल्यानं दोन जागी जाळं लावून कावळे पकडले, एक हिमायतनगरची बाग, माझ्या घरामागचीच, आणि दुसरी अफझलगंजला मुशी नदीकाठी. पायात पिवळी कडी घातली आणि सोडून दिलं. टकल्या म्हणजे आत मी. आता दर आठवड्याला टकल्या तिथंच फेरी मारतो आणि किती कावळे ओरडतात ते मॅडम लांबून मोजतात. तिसरी जागा सिकंदराबाद, रेल्वे क्वार्टरांजवळची झाडं. तिथं कोणाला पकडलं नाही, टकल्या तिथं कधी जात नाही. मॅडम तिला स्वच्छ जागा म्हणतात.

म्हणजे ओरडायचं टकल्यावर. माझ्यावर नाही.

वहीत काय लिहायचं, तर जे दिसलं ते. मॅडम म्हणाल्या, "त्रिवेणीताई, काय दिसलं ते लिहा, काय वाटलं ते नको." त्यांना मराठी बोलता येतं, वाचायला जमत नाही, शाळा इंग्रजी. म्हणून दर शनिवारी मी वाचते आणि त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतात. मी कावळ्यांचं तेवढं वाचते. बाकी पानं उलटते. चौथी शिकलेल्या बाईची चोरी पकडायला त्यांच्याकडे काही नाही.

शनिवार, १४ जून

मॅडमचं तोंड उतरलं होतं. टकल्यावर पाहिजे तितके कावळे ओरडत नाहीत. वीस ओरडायला पाहिजेत, ओरडतात सहा-सात. तोंड उघडं ठेवून उमाजीभाऊंना चालवलं, ते आमची गाडी चालवतात, त्यांच्यावर एकही नाही. चहावाल्याला चालवलं, नाही. मग टकल्याला पकडणारा म्हणून कावळे ओळखत का नाहीत, असं त्या स्वतःशीच दोनदा म्हणाल्या. मला चालवायचं कोणाच्या मनात आलं नाही. मी गाडीतूनच टकल्या चढवून उतरते.

लिहूनच टाकते आता. मे महिन्यात ज्या तीन सकाळी पकडायची परवानगी होती, तेव्हाच मॅडमना टायफॉइड झाला. परवानगी पुढं ढकलली जात नव्हती. मी आणि उमाजीभाऊ, दोघांनी उरकलं. भाऊ गाडीत वजनकाट्याशी बसलेले, जाळ्याशी मी एकटी. सात वाजता ऊन असं, की रबराच्या आत श्वास कोंडायला लागला, डोळ्यांत घाम, कडं पायात घालायला दिसेना. कावळ्याचा पाय काडीसारखा असतो, मोडला तर? मी टकल्या वर सरकवला, कपाळावर. एकदाच नाही. तिन्ही सकाळी.

तर एकवीस कावळ्यांनी मला वीतभर अंतरावरून पाहिलं आहे. एकेक जण चोच उघडी ठेवून माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, पाखरू आहे, काय बघतंय.

सांगायचं होतं तर त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं. आता महिना झाला.

रविवार, २२ जून

आत्याबाई, म्हणजे माझी सासू विठाबाई, आज खिडकीतून कावळ्यांशी भांडत होती. वय चौऱ्याऐंशी. दोन वर्षं झाली, खाटेवरून उठत नाही, खाट खिडकीला लावून दिली आहे. सकाळी पोळीचा तुकडा गजाबाहेर धरते आणि कावळे तिच्या हातातून घेतात. मी खोलीत शिरले की उडून जातात, पलीकडच्या तारेवर बसून कलकलाट करतात. आज ती त्यांना म्हणाली, "वरडू नगा रे. सून हाय माझी. तोंडानं फाटकी हाय, हातानं न्हाई."

मी म्हटलं, बडबड पुरे, पोळी थंड होते.

तिचा धाकटा मुलगा श्रीपती, माझा नवरा, अफझलगंजला हळदीच्या दुकानात होता. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. मूलबाळ नाही. थोरले दीर हिम्मतराव, त्यांना मोठं घर आहे, दोन मुलं आहेत, पण आत्याबाई माझ्याकडेच राहिली. का राहिली ते तिनं कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

गुरुवार, ३ जुलै

मुशीकाठी फेरी. रस्त्याच्या कडेला एक कावळा मरून पडला होता, वायरला चिकटून पडला असेल. बाकीचे तीसेक जमले. आधी गोंधळ केला, मग एकदम गप्प. कोणी शिवेना, कोणी खाईना. झाडावर बसून नुसते खाली बघत होते. पाव तासानं एकेक करून निघून गेले.

मॅडमनी हे सगळं मोबाईलवर घेतलं. मी विचारलं, रडतात का. त्या म्हणाल्या तसं सांगता येत नाही, बहुतेक ते बघायला येतात की इथं धोका कशाचा आहे, कोण जवळ होतं. म्हणजे जो प्रेताजवळ दिसेल त्याच्यावर संशय. मी टकल्याच्या आत होते म्हणून बरं.

गुरुवार, १० जुलै

आत्याबाई गेली. मंगळवारी सकाळी, साडेनऊला. झोपेत नाही. मी शेजारीच होते.

लोक आले. बघून गेले.

शुक्रवार, १८ जुलै

काल दहावा झाला. मुशीकाठी, घाटावर. हिम्मतरावभावजींनी ती जागा ठरवली, श्रीपतीचाही तिथंच झाला होता. त्या झाडांवरचे बारा कावळे मी पकडले होते.

मी घरीच राहणार होते. पण जाऊबाई पद्मावती म्हणाली, इतकं केलंस तर शेवटालाही उभी राहा. चांगल्या मनानं म्हणाली. मी गेले.

भटजींनी पिंड मांडले, भावजींनी हात जोडले, आम्ही मागं सरकलो. कावळे झाडभर होते. मी पदर डोक्यावरून नाकापर्यंत ओढला होता. एक जण खाली उतरला, पिंडापासून दोन हातांवर. मान वाकडी करून त्यानं आमच्याकडे बघितलं. मग ओरडला. मग सगळेच ओरडले. तो वर गेला तो परत आलाच नाही.

मग सुरू झालं, जे अशा वेळी होतं. कशात जीव अडकलाय ते शोधायचं, आणि ते पुरं करू असं मोठ्यानं सांगायचं. भावजी म्हणाले, आई, तुळजापूरला जाऊन येतो. नाही. आई, थोरल्या विकासचं लग्न यंदाच करतो. नाही. धाकट्या आदर्शला परदेशी पाठवत नाही, डोळ्यांपुढं ठेवतो. तिची नथ मोठ्या नातसुनेलाच देऊ. गावच्या देवळाला घंटा देऊ. जाऊबाई म्हणाली, त्यांच्या गाईचं नाव घ्या, लहानपणची होती ना, कपिला. कपिलाचंही नाव घेतलं. दीड तास झाला, ऊन चढलं, सगळ्यांची नावं घेऊन झाली. कावळा काही आला नाही.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. खरा न आल्यावर तसंच करतात. परत रिक्षानं आलो. उतरताना भावजी म्हणाले, "तिरवेणी, आईचं काही राहिलं होतं का तुझ्याकडं?"

मी म्हटलं, माझ्याकडं काय राहणार?

"नाही, कावळे तुझ्याकडं बघूनच ओरडत होते. सगळ्यांनी पाहिलं."

दोन वर्षं खाटेवर होती. पाठीला एक फोड येऊ दिला नाही मी तिच्या.

मंगळवार, २२ जुलै

आज गच्चीवर कोणी ओरडलं नाही. सकाळी नाही, दुपारी नाही. मी तीनदा जाऊन आले. बरं वाटायला पाहिजे होतं.

संध्याकाळी एकाच बाजूनं एकदा काव आलं. कपडे काढायचे नव्हते तरी थोडा वेळ उभी राहिले.

गुरुवार, २४ जुलै

मॅडम घरी आल्या. पहिल्यांदाच. केळी आणली, आत्याबाईच्या खाटेशेजारी खाली बसल्या. त्यांचे आजोबा परभणीकडून रेल्वेत लागले, सिकंदराबादला तीन पिढ्या झाल्या, घरी बुद्धवंदना होते. दहाव्याचं त्यांना काही माहीत नव्हतं, मी सांगितलं. हसल्या नाहीत. विचारलं, किती कावळे होते, किती अंतरावर, कोण कुठं उभं होतं. मी म्हटलं, मॅडम, पिंड होता तो, मोजायला वही नेली नव्हती. त्या म्हणाल्या, "चुकलं माझं."

पोचवायला बाहेरच्या जिन्यापर्यंत गेले. दार उघडलं आणि वरून कलकलाट सुरू. मॅडम माझ्यापुढं होत्या, त्यांना सोडून कावळा माझ्या डोक्यावरून गेला. तारेवर बसला. पायात पिवळं कडं.

"हे नेहमी ओरडतात?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आत्याबाई पोळी घालायची, ती नाही म्हणून ओरडतात.

मॅडम बराच वेळ वर बघत राहिल्या. मग जिना उतरताना म्हणाल्या, "त्रिवेणीताई, काही सांगायचं असलं तर मला सांगा. कधीही." चांगली पोर आहे. माणूस गेलं की कोणाशी तरी बोलावंसं वाटतं, हे तिला या वयात कळतं.

सोमवार, २८ जुलै

भावजींचा फोन. पहिलं मासिक श्राद्ध सात ऑगस्टला, गुरुवारी. घरी नाही करणार, मुशीकाठीच करणार, जिथं राहिलं तिथंच पुरं करायचं. मी म्हटलं, भाजीचं काय आणू? ते म्हणाले, तू सकाळी नको येऊ, कावळा शिवला की आम्ही फोन करतो, मग जेवायला ये. जाऊबाईनं मागून काही म्हटलं, मला ऐकू आलं नाही. भावजी म्हणाले, राग मानू नको, एकदा करून बघायला काय हरकत आहे.

दुपारभर डोकं तापलं होतं. भांडी घासता घासता थांबले. करून बघायला म्हणाले. मॅडमही हेच करतात, एकदा टकल्या चालवतात, एकदा उमाजीभाऊ, आणि फरक बघतात. पण भावजींच्या करून बघण्यात खोट आहे. मी नसले की कावळा येणारच. येईल, कारण त्यानं माझं तोंड पाहिलेलं आहे आणि ते तिथं नसेल. आणि भावजी म्हणतील, आला, कारण आईला ती नको होती. मॅडमचं म्हणणं खरं धरलं तरी कावळा येणार, भावजींचं खरं धरलं तरी येणार. मग कळलं काय? पण सगळ्या घराला वाटेल, कळलं. आणि मग ते जन्मभर तसंच राहील. लग्नात, बारशात, मी ताट वाढायला गेले की कोणीतरी आठवेल.

बुधवार, ३० जुलै

एक गोष्ट वहीत सुद्धा लिहिली नव्हती.

त्या मंगळवारी सकाळी आत्याबाईनं आठ वाजता चहा घेतला. नऊला परत मागितला. "तिरवेणे, चहा दे." मला गाडी गाठायची होती, कुकर लावला होता, दूधही थोडं होतं. मी म्हटलं, आत्ताच तर ढोसला, किती वेळा तेच तेच, जरा गप्प पडून राहा. तसंच म्हणाले. ती गप्प पडून राहिली. अर्ध्या तासानं गेली.

घाटावर भावजी तुळजापूर म्हणत होते, नथ म्हणत होते. मी आत म्हणत होते, चहा. मोठ्यानं म्हणायची हिंमत झाली नाही. म्हटलं असतं आणि कावळा आला असता, तर सगळ्यांना कळलं असतं मी काय केलं ते.

म्हणून मला कळत नाही. कावळा माझ्या तोंडामुळे आला नाही, की चहामुळे? माझं मन दोन्हीकडं जातं. भाजी चिरताना वाटतं, तोंडामुळे. हात धुताना वाटतं, नाही, चहामुळे.

कावळ्यांनी माझं तोंड पाहिलेलं नाही अशी जागा या शहरात मला एकच माहीत आहे.

शुक्रवार, १ ऑगस्ट

उमाजीभाऊंना सहज विचारलं, सिकंदराबादच्या त्या झाडांकडं बस कुठली जाते. ते म्हणाले, "अक्का, उधर नक्को जाओ. मॅडम मेरेकू भी गाडी खडी करने नहीं देते." मी म्हटलं, मावसबहीण राहते तिथं. ते हसले, "दीड वर्षात मावसबहीण आज उगवली काय?"

गेले असते तर कोणाला कळलं नसतं. बस सरळ जाते. पण मग पुन्हा तेच झालं असतं. एकदा न विचारता टकल्या वर सरकवला, त्याचं काय झालं ते दिसतंय.

शनिवार, २ ऑगस्ट

मॅडम, आज वाचायला बसेन तेव्हा नऊ जूनपासून सगळं वाचणार आहे. एक पान उलटणार नाही. मध्ये थांबवू नका, थांबले तर पुढं वाचणं होणार नाही. हे शेवटचं पान तुमच्यासाठी लिहिते आहे, म्हणजे बोलताना शब्द वाकडा जाणार नाही.

तुमच्या मोजणीत चूक नाही. कावळ्यांत चूक नाही. ते पकडणाऱ्याला बरोबर ओळखतात. पकडणारा टकल्या नव्हता, मी होते. तुम्ही दीड महिना स्वतःला दोष देत होता आणि मी तुमच्यासमोर बसून चहा पीत होते. कामावरून काढायचं असेल तर काढा, त्यावर मी भांडणार नाही. पण काढायच्या आधी मला चालवा. उघड्या तोंडानं, बागेत आणि मुशीकाठी. तुमचे वीस तुम्हाला मिळतील. जास्तच मिळतील, कारण जे पकडले नव्हते तेही आता माझ्यावर ओरडतात. त्यांनी एकमेकांना सांगितलंय. हे तुम्हाला पाहिजे होतं ना.

आता माझं मागणं. गुरुवारी सात तारखेला सकाळी मला सिकंदराबादची ती जागा पाहिजे. एक सकाळ. तिथं मी पान ठेवणार, भात, उडदाचा वडा, तूप, आणि शेजारी एक कप चहा, साखर जास्त. आणि मी तिथंच उभी राहणार, दोन हातांवर, पदर न ओढता. भटजी नको. तुम्ही पाहिजे. तुम्ही लांब बसा आणि जे दिसेल ते लिहा, काय वाटलं ते नको. कावळा उतरला तर मुशीकाठी माझं तोंड नडलं होतं, आणि ते मी भावजींना तुमच्या कागदासकट सांगेन. नाही उतरला तर मी घाटावर जाऊन सगळ्यांसमोर चहाचं सांगेन. दोन्हीला मी तयार आहे. मधलं मला सोसत नाही.

मला माहीत आहे मी काय मागते. पकडणारीचं तोंड तिथं एकदा दिसलं की ती जागा तुमच्यासाठी स्वच्छ राहणार नाही. मी म्हणेन की मी तिथं फक्त भात ठेवला, तुम्ही म्हणाल ते कावळ्याला कसं कळेल. बरोबर आहे. तुमचा दीड वर्षाचा संसार आहे तो. म्हणून विचारते आहे.

तुम्हाला पिंड मानायचा नाही, नका मानू. माझाही विश्वास पक्का असता तर मी तुमच्याकडं आले नसते, आणि अजिबात नसता तरी आले नसते.

घरी आता मी एकटी आहे. खाट अजून खिडकीलाच आहे. सकाळी पोळीचा तुकडा मी बाहेर धरून बघितला, कोणी घेतला नाही. ते सोडा, ते तुमच्या कामाचं नाही.

मंगळवारी, पाच तारखेला, संध्याकाळी सहाच्या आत मला उत्तर पाहिजे. बुधवारी तांदूळ, उडीद आणावे लागतील. "बघू", "विचारते वरती", "ताई, तुम्ही आधी शांत व्हा", यातलं काही चालणार नाही. उमाजीभाऊंच्या हाती निरोप नको, मोबाईलवर नको. समोर येऊन, माझ्या उघड्या तोंडाकडं बघून, हो म्हणा नाही तर नाही म्हणा. मंगळवार, सहा.